किमचीवर ओतलेले तेल

मी, लैला गफूर परकार, वय एकाहत्तर, मूळ राहणार दाभोळ, हल्ली मुक्काम सबाह अल-सालेम, कुवेत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आजवर दबाव मीच टाकत आले. डोके शाबूत आहे. नजर अधू झाली आणि उजवा हात अर्धांगाने गेला, म्हणून हे मृत्युपत्र मी सांगते तसे माझी सून लुबना लिहीत आहे. लाभ जिला तिनेच कसे लिहिले, अशी शंका कोणी घेऊ नये. स्वतःबद्दल असे कोणी आपण होऊन लिहीत नाही.

१. दाभोळचे घर व बँकेतली शिल्लक शरियतीप्रमाणे एकुलता मुलगा आदिल याला जाईल. तिथे माझे काही चालत नाही, नाहीतर चालवले असते. इथल्या मीना अब्दुल्ला भागातल्या रिफायनरीत साहेब झाल्यापासून त्याला आईच्या कपड्यांना लसणाचा वास येतो. त्याच लसणावर तो इंजिनीअर झाला.

२. शरियत माझ्या मर्जीने देऊ देते तो तिसरा हिस्सा म्हणजे माझे किचन: फ्रीझर, बरण्या आणि बांधलेली गिऱ्हाइके. नवरा वारल्यावर मी कोरियन कंपनीच्या मेसमध्ये भांडी घासता घासता बानचान शिकले. म्हणजे त्यांच्या भाताभोवतीच्या लहान वाट्या: आंबवलेल्या कोबीची किमची, तिळातला पालक, मुळा, परतलेली सुकी मासळी. वाटी संपली की न मागता पुन्हा भरायची, त्याचे पैसे लावायचे नाहीत. आपल्याकडे लोणच्याची दुसरी फोड वाढतानाही हात आखडतो.

३. हे किचन लुबनाला. ती नवी नवरी होती तेव्हा कंपनीच्या सणाची किमची मुरत होती. वर फेस आला. मुरताना तो येतोच. हिला वाटले, लोणचे नासले. मला न विचारता तेल कडवून, गार करून हिने सगळ्या बरण्यांवर ओतले आणि शाबासकी घ्यायला आली. किमची गेली, कंत्राट गेले. तेव्हापासून चारचौघांत मी तिला 'तेलवाली' म्हणते. ती हसते. त्याचा मला जास्त राग येतो.

४. अट अशी की, दर शुक्रवारी डबे नेताना लुबनाने पहिल्या गिऱ्हाइकाच्या दारात मोठ्याने म्हणावे, "किमचीवर तेल ओतणारी ती मीच." एक शुक्रवार चुकला तर किचन दाभोळच्या जमातीला जावे.

इथे तिने पेन थांबवले. "अम्मी, ह्या पन लिवू?"

"लिव. रडलीस, ता पन लिव."

लिहिले.

५. माझ्या मयतीला आदिलने रजा काढून यावे. लुबनाने मागे राहून बरण्या सांभाळाव्यात. मुरणारा माल कोणाच्या मरणासाठी थांबत नाही.

ठिकाण: सबाह अल-सालेम. दिनांक: १४ नोव्हेंबर २०२४.

लैला गफूर परकार (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार: १. ओवैस, खालच्या बकाल्याचे म्हणजे किराणा दुकानाचे मालक. २. युसरा, घरी येणारी नर्स.

लेखनिकाचे निवेदन: वरील मजकूर एक शब्द न गाळता लिहिला व अम्मींना वाचून दाखवला. कलम तीनचा लाभ मी नाकारते. पुढच्या महिन्यात रुमैथियात माझे स्वतःचे किचन सुरू होत आहे. अम्मींची सगळी गिऱ्हाइके तिकडे येणार आहेत. हे निवेदन साक्षीदारांनी वाचले आहे. अम्मींना वाचून दाखवलेले नाही.

लुबना आदिल परकार