बेचाळीस लाल रेघा

३ जून
आज रुजू झाले. राज्य ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल! इमारत जुनी पण ऐसपैस, कपाटं पार छताला टेकलेली. शंभर वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीतल्या दोन कपाटांवर सुरुवात झाली म्हणे. पुढे कायदा आला: राज्यात जे छापलं जाईल, त्याची एक प्रत इथे आलीच पाहिजे. त्यामुळे विहिरी खणण्यावरचं आमच्या अप्पांचं चोपडंही इथे आहे. लेक तिथेच लागली म्हणून अप्पा सकाळपासून हवेत. म्हणतात, आता मी गेलो तरी सरकारदरबारी जिवंतच. आई म्हणाली, आधी जिवंतपणी भाजी तरी आणा.

१० जून
तपासणी डोक्यावर आलीय. पुस्तक जागेवर नसलं, की दाखल नोंदवहीत त्याच्या ओळीवर लाल रेघ मारायची. शिपाईकाका म्हणतात, आधी तीन जणांनी तीन दिवस शोधायचं, मगच रेघ. इथली रीतच आहे. एवढा वेळ आहे कुणाला? एकाच दुपारी बेचाळीस रेघा ओढल्या, नुसते क्रमांक बघून. काका तोंड फुगवून बसलेत.

१२ जून
खिडकीपाशी एक निवृत्त मास्तर बसायचे. मी लिहिलेलं पुस्तक आलं का, म्हणून रोज विचारायचे. दोन दिवस दिसले नाहीत. काकांना विचारलं, तर म्हणाले, कोण मास्तर? मला वाटलं, राग काढताहेत. मग वाचकांची वही पाहिली. मास्तरांच्या सह्यांच्या जागा कोऱ्या आहेत.

१४ जून
बांधणीवाला गठ्ठा टाकून गेला. मोजून बेचाळीस पुस्तकं. हरवलेली नव्हतीच, बांधणीला गेली होती! चिठ्ठ्या माझ्याच खणात होत्या, मी पाहिल्या नाहीत.
मास्तरांचं पुस्तक वरच होतं. आत एक अक्षर नाही.
त्याखाली अप्पांचं. अक्षरं आहेत अजून, पण फिकट. देवा, हे काय करून बसले मी.

१५ जून
सकाळी आईने दोनच कप चहा ओतला. अप्पा म्हणाले, अगं, माझा? तिने वर पाहिलंच नाही. त्यांना वाटलं, रुसलीय.
ऑफिसात अप्पांच्या ओळीवरची रेघ ब्लेडने खरवडली. कागद फाटला. रेघ खालच्या पानावरही—

१६ जून
काका म्हणाले, सापडलेलं पुस्तक पुन्हा दाखल करता येतं. नवी ओळ, लेखकाचं पूर्ण नाव. एवढंच.
मुखपृष्ठावरचं नाव गेलंय. आईला अप्पांचं नाव विचारलं. ती म्हणाली, कुणाचे अप्पा?
मला आठवेल. माझ्याच नावाच्या मधोमध आहे ते—

१७ जून
माझ्या नेमणुकीचा आदेश खणातून काढून पाहिला. माझं नाव. मग मोकळी जागा. मग आडनाव.
दारात आई विचारत होती, बाई, तुम्ही कुणाकडे आलात?
नोंदवही उघडून बसलेय. विहिरी खणायचे ते. मोठ्याने हसायचे. एवढं पक्कं आठवतंय, एवढं तरी लिहिते. लेखक: माझे—