आडनावाची हाक

सोमवार, ४ तारीख

आज पोचलो. खोली झकास मिळाली. गादी जाड, खिडकी मोठी, दाराला पितळी गोल मूठ, पुसून लख्ख केलेली. मुलाच्या घरी मी बैठकीतल्या सोफ्यावर पाय दुमडून झोपतो, त्यामुळे इथे पलंगावर नुसते पाय लांब केले तरी राजा झाल्यासारखं वाटतं.

यासाठी मी केलं काय? काही नाही. आमचं आडनाव आहे, बस. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आमच्या आडनावाच्या माणसांचं रक्त तपासतात, आणि तळघरात दप्तरवाल्या बाई याच आडनावाच्या घराण्याचं जुनं दप्तर सांभाळतात. दोघांचं मिळून संशोधन चाललंय. आठवडाभर राहायचं, जेवायचं, रक्त द्यायचं. डॉक्टरांनी ही वही दिली. झोप लागली का, पोट साफ झालं का, ते लिहायला सांगितलं. ते मी लिहिणार नाही. माझं पोट माझ्यापाशी. चौथी शिकलोय, पण अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे.

खरं म्हणजे आडनावही माझं नव्हे. आईने दुसरं लग्न केलं तेव्हा सावत्र बापाने ते शाळेत माझ्या नावाला लावलं. त्याखेरीज त्याने मला काही दिलं नाही, ना चप्पल, ना गोड शब्द. साधी नावाने हाक नाही. ‘ए’ म्हणून आडनावच ओरडायचा, घरगड्याला ओरडावं तसं. मेला तेव्हा दोन्ही मुठी आवळलेल्या. कवडीचुंबक जाताजाताही काहीतरी धरून बसलाय, म्हणून आम्ही उघडायला गेलो. उघडल्या नाहीत. असो. एवढ्या वर्षांनी त्या आडनावाने गादी दिली, हेही नसे थोडके.

मुलाला फोन करून सांगितलं, रविवारी मिरचीला घेऊन ये, इथे झोपाळा आहे. मिरची म्हणजे माझी नात. ती फोन ओढून घेऊन विचारते, आबा, तिथे हजेरी घेतात का? तिला हजेरीचा भारी नाद. शाळेत बाईंनी आडनाव घेतलं की अशी ‘हजर’ ओरडते की शेजारच्या वर्गातली पोरं दचकतात.

मंगळवार, ५

चहा गार. सांगितलं तर म्हणे आणताना निवतो. मग पळत आणा! 

इथे सगळे एकाच आडनावाचे. टेबलापलीकडची नर्स तेवढंच पुकारते आणि आम्ही सगळेच ‘ओ’ देतो. शेजारच्या खोलीतले मास्तर म्हणाले, आयुष्यभर हजेरी घेतली, आता देतोय, पाप फिटतंय. समोरच्या काकू त्यावर तोंडाला पदर लावून हसल्या. काकू विधवा आहेत, सासरच्या आडनावावर आल्यात. नवऱ्याने जिवंतपणी कुठे नेलं नाही, आता त्याच्या नावावर हवापालट झाला, असं त्यांचं म्हणणं.

डाव्या हाताची करंगळी आखडली आहे. उशीचा दोष. फार मऊ आहे.

बुधवार, ६

करंगळी वळून तळव्याला चिकटली. शेजारचं बोटही. डॉक्टर म्हणाले वय झालं. मी म्हटलं, वय उजव्या हाताचंही झालंय, तो का नाही आखडला? शिकलेल्यांना उलट विचारलं की ऐकू येईनासं होतं.

दप्तरवाल्या बाईंनी तळघर दाखवलं. मला वाटलं कागद असतील. कागद आहेत, पण फळ्यांवर ओळीने मुठी मांडल्यात. पांढऱ्या प्लॅस्टरच्या. या घराण्यातलं माणूस गेलं की जुन्या काळचा कोणी वैद्य त्याच्या हातांचा साचा घ्यायचा. सगळ्या मुठी आवळलेल्या, नखं तळव्यात रुतलेली. एक मूठ तर लिंबाएवढी. मी तिथून नजर काढली.

एका मुठीवर अंगठीचा वळ होता. विचारलं, ही कोणाची? बाई म्हणाल्या, थोरल्या सुनेची. पलीकडची? दत्तक मुलाची. मी म्हटलं, अहो, डॉक्टर तर रक्तात शोधतायत. सुनेत आणि दत्तकात या घराचं रक्त आलं कुठून? बाई म्हणाल्या, ते वरचं खातं, माझं हे खालचं. आणि दिवा मालवला.

गुरुवार, ७

डावी मूठ पूर्ण बंद. मास्तरांच्या दोन्ही. त्यांना आज पेला धरता आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणाले, पण हसले नाहीत. काकूंचीही तीन बोटं मिटली.

संतापून डॉक्टरांकडे गेलो. सांगून टाकलं, मी त्या घराण्याचा नाही, सावत्र आहे, मला आत्ताच्या आत्ता सोडा. वाटलं फसवलं म्हणून हाकलतील. उलट हरखले. तुमच्यासारख्याचीच वाट बघत होतो, म्हणाले. माझी बंद मूठ दोन्ही हातांत धरून लग्नातल्या व्याह्यासारखी हलवली! मग विचारलं, घरात हे आडनाव लावणारे अजून कोण? मी दाराकडे वळलो. मागून तेच म्हणाले, नात आहे ना, रविवारी यायचीय, तुमच्या चिरंजीवांशी बोललोय मी.

म्हणजे याला ठाऊक होतं. रक्त नुसतं दाखवायला, खरं काम आडनावाचं. या हरामखोराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

शुक्रवार, ८

इथल्या हाकेने होतं.

आज टेबलासमोर बसून नीट पाहिलं. नर्सने पुकारलं. काकू ‘ओ’ म्हणाल्या आणि त्यांचं चौथं बोट माझ्या डोळ्यांदेखत खाली गेलं. कोणीतरी आतून दोरी ओढावी तसं. मी दात आवळून गप्प बसलो. माझं काही हललं नाही.

काकूंना सांगितलं, ओ देऊ नका. त्या म्हणाल्या, भाऊ, हाक मारल्यावर ओ न देणं बरं दिसतं का?

मास्तर गेले. श्वासच मिटला म्हणे. दुपारी तळघराकडे प्लॅस्टरची बादली जाताना दिसली.

पिशवी घेऊन फाटकाशी गेलो. बाहेर पाऊल टाकणार तेवढ्यात पहारेकऱ्याने मागून आडनाव पुकारलं आणि माझ्या तोंडून ‘ओ’ गेलाच. उजवी करंगळी. हात धरून आत आणलं. सवय मेली! सगळा घात या सवयीने.

शनिवार, ९

मुलाला फोन केला. येऊ नकोस. म्हणाला, बाबा, तुमचं दर वेळचंच. मागे गॅस गळतोय म्हणून सगळी इमारत रस्त्यावर आणलीत, निघाला काय तर शेजाऱ्यांचा मुळा. म्हटलं, बरं, मी वेडा, पण पोरीला तिच्या आईचं आडनाव लाव. आजच लाव. तो हसला. मी शिव्या दिल्या. त्याने सूनबाईला सांगितलेलं ऐकू आलं, बाबांना करमत नाहीये, उद्या लवकर निघू.

माझी काळजी खरी ठरली ती आजच, आणि आजच कोणाला पटेना.

संध्याकाळी टेबलापलीकडे कोणी नव्हतं. तरी हाक आली. जिन्याखालून. ‘ए’ — आणि आडनाव. तो आवाज मी ओळखतो. म्हातारा मरून माझं आयुष्य गेलं आणि तो अजून मला हाका मारतो! चप्पल दिली नाहीस, शब्द दिला नाहीस, आणि हे देऊन गेलास? हे?

असं ओरडायचं होतं. तोंडातून ‘ओ’ आला.

रविवार, १०

दोन्ही मुठी बंद. पेन मुठीत अडकलंय, म्हणून अजून —

दार उघडत नाही. कुलूप नाही. ती गोल मूठ, लख्ख, गुळगुळीत. बोटांशिवाय फिरत नाही. खिडकीची कडीही. काचेवर मुठी आपटल्या. रक्त आलं. काच शाबूत.

लाल फ्रॉक. फाटकाशी. मी ओरडलो, मिरचे, मागे फिर! तिने वर बघून हात हलवला. पाचही बोटं. सगळी सुटी, सगळी —

मुला, वही दाराखालून सरकवतो. वाच. हाकेला उत्तर नको. तिला मिरचीच म्हण. ते आडनाव तोंडात आणू —

जिन्यात पावलं. डॉक्टर हसतोय. तिला विचारतोय, शाळेत जातेस का. हरामखोरा, तुझ्या —

वही दाराखालून जात नाही. जाड आहे. झोप आणि पोट लिहायला एवढी जाड वही कशाला दि —

नर्स. हजेरी घेऊ या का, म्हणते.

आडनाव घेतलं. मी ओ दिला नाही. जीभ चावली. दिला नाही, दिला नाही मिरचे तूही दे —

तिचा आवाज. खणखणीत. शाळेतल्यासा —

हज