तिसऱ्या प्रकरणातली आजी

विसरभोळ्या नातवा,

पहिलीच कादंबरी लिहिलीस, परग्रहावरची अख्खी फौज उतरवलीस, पण आपल्या घराचं मागचं दार विसरलास! ते वर उचलून लाथ घातल्याशिवाय उघडत नाही. तुझी फौज मात्र तिथून खुशाल आत शिरते आणि आजी तिला बघून भीतीने खुर्चीतच मरते. शेजारची शिंपीण वाचून दाखवत होती. ती रडली, मी चहा मागितला.

काल तुझा बाप तेच पान घेऊन आला. "बघ आई, नातवालाही कळतं तू एकटी राहू नयेस. घर विकू, तू वृद्धाश्रमात चल."

म्हटलं, "आधी मागच्या दाराने आत येऊन दाखव."

घामाघूम होऊन पुढच्या दाराने आला.

मी इथून हलणार नाही. पुढच्या आवृत्तीत मला जिवंत ठेव. फौज दाराबाहेर अडकू दे, मी आत चहा पीत बसते.

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुमच्या घरी बाप आधी फोडेल. लिहून घेणारी शिंपीण तुला फोनवर वाचून दाखवेल; कागद तिच्याकडेच राहील, येऊन ने.

अजिबात न घाबरलेली,
तुझी आजी

ता. क. येताना टोस्ट आण. कडकच आण, दात अजून माझे आहेत.