चावडीतल्या रेडिओचे श्रोते

३ डिसेंबर १९५४
रेडिओ सरकारने चालवावा की व्यापाऱ्याने? कॉलेजच्या वादविवादात मी सरकारच्या बाजूने बोलले होते, टाळ्याही घेतल्या होत्या. आज कोणी विचारलं तर उत्तर येत नाही. नाहीच येत.
चावडीतला सरकारी रेडिओ दसऱ्यापासून मुका. बॅटरी चार्ज करायला वर्ध्याला गेली ती गेलीच. रेडिओच्या पेटीला कुलूप, किल्ली काकांच्या करदोट्याला. दसऱ्याला पेटीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. तो वाळून कोळ झालेला हार अजून तिथेच आहे. आपल्या लोकांना यंत्र दिलं की ते त्याचा देव करतात. देव झाला की त्याने बोललंच पाहिजे असं नाही.

५ डिसें.
शाळेत शिकवून परतताना काकांनी बोलावलं. गावाचे सरपंच, माझे सख्खे चुलते. श्रोतृवही पुढ्यात टाकली, रोज किती जणांनी रेडिओवर काय ऐकलं ते लिहायची. वीस तारखेला नागपूरहून साहेब तपासायला येणार आणि दसऱ्यापासूनची पानं कोरी. "पोरी, तुयं अक्षर मोत्यावानी हाय. भरून दे."
मागची पानं वाचली. 'श्रोते चाळीस. विषय : सोनखत. सर्वांस फार आवडला.' तारीख पोळ्याची! बैल सोडून चाळीस माणसं सोनखत ऐकत बसली होती म्हणे.
वही घरी आणली. तोंडावर नाही म्हणवलं नाही. बी. ए. झाले, पण भित्री ती भित्रीच.

८ डिसें.
सिंदीच्या शेठने आपल्या इथल्या कापूस-खरेदीच्या दुकानापुढे ओट्यावर स्वतःचा रेडिओ ठेवला. ताजी बॅटरी. लंकेच्या स्टेशनवरची सिनेमाची गाणी. सगळं गाव लोटलं. गाण्यामध्येच मुनीम आवाज बारीक करून ओरडतो, "म्हशीले शेठजीची सरकीची ढेप चारा, दुधाले बादली पुरनार नाई!" लोक खिदळतात. ओंगळ.
आईही गेली होती. गुणगुणत परतली. मी फणकारले.
"तुया सरकारनं मले कधी चावडीत बसू देल्लं?" ती म्हणाली. "शेठच्या ओट्यावर मले कोनी ऊठ म्हटलं नाई."
खरं आहे. चावडीवर बायका चढत नाहीत. वहीतच आहे : 'विषय : बाळाचे पोषण. श्रोते बावीस, सर्व पुरुष.'

११ डिसें.
आज मीही ओट्यावर गेले. बाबांची गाडी कापसाने भरून शेठच्या काट्यापुढे उभी होती. संध्याकाळी नागपूर केंद्रावर कापसाचे भाव सांगतात. वेळ झाली तसं म्हटलं, "मुनीमजी, भाव लावा."
"बाई, भाव ऐकून का भाकर गोड लागते? गाना ऐका."
उठून मीच रेडिओचा कान पिळला. नागपूरचा आवाज आला. 'आजचे कापसाचे' एवढं ऐकू आलं आणि मुनीमने तार उपसली. "बॅटरी उतरली."
सगळे वैतागले. मुनीमवर नाही, माझ्यावर. बाबासुद्धा. "काऊन हात लावला तुनं? रंगात आलं होतं गानं."
आणि मग त्यांनी शेठ म्हणेल त्या भावाने गाडी रिकामी केली. फुकटचं गाणं, पण किंमत कापसातून गेली.

१५ डिसें.
वहीच्या पुठ्ठ्यावर नियम छापला आहे : वापरात नसलेला संच दुसऱ्या गावास देण्यात येईल. म्हणजे खरं लिहिलं तर पेटी जाणार आणि गावाला शेठचा ओटाच उरणार. खोटं लिहिलं तर पेटी राहणार, मुकी. वादविवादात हा मुद्दा कोणीच मांडला नव्हता.
काकांना म्हटलं, वर्ध्याला जाऊन बॅटरी आणा ना.
"थे सरकारचं काम हाय. आपून काऊन मरावं?" मग हळूच, "तुया बापाले समजावून तुले कालेजात कोनं धाडलं, याद हाय ना?"
आहे. केळझरच्या गणपतीपुढे नारळ फोडून ते स्वतः मला नागपूरला सोडायला आले होते. वसतिगृहाच्या फाटकाशी रडले होते. हाच माणूस. याचा राग तरी नीट यावा ना.

२० डिसें.
साहेब जीपने आले. पेटीला नवा हार. साहेबांनी कुलूपही उघडायला सांगितलं नाही. पोहे खाल्ले, छान आहेत म्हणाले. गावाला 'आदर्श श्रोतृगाव' म्हणाले. मग वही मागितली.
ती मी कालच भरून ठेवली होती. दसऱ्यापासून रोजची एक ओळ : बॅटरी नाही. श्रोते शून्य. शेवटी : पेटी शाळेच्या ओट्यावर ठेवावी, म्हणजे बायकांना बसता येईल आणि भाव सर्वांना ऐकू येतील. किल्ली माझ्याकडे द्यावी. खाली माझी सही.
साहेब वाचत होते. काका हाराकडे बघत होते.
"बाई, हे अक्षर तुमचं?"
"हो."
वही जीपमध्ये गेली. पेटी ठेवणार की नेणार, साहेब बोलले नाहीत. धुरळा खाली बसला, तरी काका तिथेच उभे. माझ्याकडे न बघता विचारलं, "पेन्सिलीनं लिवलं का? मंग सायबाले सांगून पुसता येईन."
शाईने लिहिलंय, म्हटलं.