गारगोटीच्या दुकानात ऐकलेलं पत्र

आबा, कारगिलची लढाई चालू होती तेव्हा तुम्हाला मी पाठवलेली पत्रं सगळी सारखीच होती. मी खुशाल आहे, म्हशींना वैरण कमी पडू देऊ नका, आईला नमस्कार. खरी पत्रं मी गारगोटीला पाठवत होतो, कापडदुकानदाराच्या मुलीला. कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. ती लिंगायत, आपण मराठे, म्हणून घरात तिचा विषय मी कधी काढला नव्हता. तिला मात्र सगळं लिहायचो. गोळा जवळ पडला की मी कसा खडकाला चिकटून डोळे मिटून घेतो, शेजारच्या बंकरमधला साताऱ्याचा पोरगा गेला त्या दिवशी माझी पँट कशी ओली झाली, हे सगळं. आणि इकडे तुम्ही डेअरीवर दूध घालताना चारचौघांत सांगत होता, "माझं पोरगं वाघ हाय." तरुणपणी भरतीत छाती कमी भरली म्हणून तुम्हाला परत पाठवलं होतं. माझ्या अंगावर वर्दी आली तेव्हा तुम्ही गावभर पेढे वाटले होते.

माझी पत्रं गारगोटीला जातात हे तुम्हाला पोस्टमनकडून कळलं. पुढचं मला तिनं सांगितलं. तुम्ही दुकानाच्या पायरीशी चपला काढून उभे आहात. तिचे वडील म्हणतात, "या पावणं, काय दाखवू?" तुम्ही म्हणता, "कापड नको. तुमच्या पोरीला बोलवा. माझ्या पोराचं पत्र आलंय म्हनं तिला." त्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा पडला, पण पोरगं लढाईवर आहे म्हटल्यावर त्यांनी तिला पत्र घेऊन बोलावलं. ती वाचायला लागली आणि मधेच अडखळली. तुम्ही म्हणालात, "का थांबलीस? गाळू नको. समदं वाच." तिनं सगळं वाचलं. तुम्ही टॉवेलनं तोंड पुसलंत आणि एसटी धरलीत.

दिवाळीत सुट्टीवर आलो तेव्हा तिनं हे सांगितलं आणि माझ्या कानांतून वाफा निघाल्या. भर स्टँडवर मी तिच्यावर ओरडलो. "आबांनी ऐकलं? ते पँटीचंसुद्धा?" ती म्हणाली, "त्यांनीच वाचायला लावलं की. मी काय करू?" त्या सुट्टीभर मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही. तुम्ही जेवून उठलात की मग मी ताटावर बसायचो. एकदा धार काढत होतो तर गोठ्यात येऊन तुम्ही विचारलंत, "तिकडं लई भ्या वाटत आसंल न्हवं रं?" मला वाटलं, टोमणा मारताय. मी म्हणालो, "सवय होते." आणि मान खाली घालून धार काढत राहिलो. तुम्ही म्हशीपुढची वैरण उगाच सारखी केलीत आणि मग बाहेर गेलात.

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. तिनं हट्टानं वडिलांना वळवलं, अशीच माझी समजूत होती. तुम्ही गेलात तेव्हा मी पुन्हा सरहद्दीवर होतो. पोचलो तोवर माती झाली होती. दिवसकार्याला सासरे आले, बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या आबांनी त्या दिवाळीनंतर पुन्हा दुकानात येऊन माझ्यापुढं हात जोडलं होतं. म्हनले, 'माझं पोरगं खरं बोलतंय ते निस्तं तुमच्या पोरीसंगट. मला त्यानं कवा सांगितलं न्हाय. माझंच काय तरी चुकलं आसंल. तेवढं एक मानूस त्याच्यापासनं तोडू नका.'"

कुणापुढं मान न वाकवणारे तुम्ही, आणि माझ्या भित्रेपणापायी हात जोडलेत, असं त्या दिवशी वाटलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. भित्रेपणाची लाज तुम्हाला वाटतच नव्हती, हे समजायला मला आणखी कितीतरी वर्षं लागली. गोठ्यात तुम्ही विचारायला आला होता. तुम्हाला ऐकायचं होतं.

आता मी रिटायर होऊन घरी आलोय. घराच्या पुढच्या सोप्यात बसून हे लिहीत होतो तर बायको चहा घेऊन आली, म्हणाली, "कुणाला एवढं लिहिताय?" मी कागदावर हात ठेवला आणि म्हणालो, "पेन्शनचा अर्ज हाय." ती कप ठेवून आत गेली. तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो, आबा.