चार बोटं

रामनगर, मंगळवार, नोव्हेंबर १९६१

अर्धांगवायूनंतर ह्यांचा पाय पिकअपच्या पायरीपर्यंत पोचत नाही. म्हणून आज ह्यांना न विचारताच मिस्त्रीकडून पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगांचे लोखंडी पाटे कमी करून घेतले. चार बोटं खाली आली गाडी.

"अक्का, आता दिग्गीच्या वाटंला घालू नका. दगडावर पोट घासतंय बघा," मिस्त्री म्हणाला.

दिग्गीला ह्यांचं भातशेत. विचारलं असतं तर नकोच म्हणाले असते. मग बरोबर केलं का मी?

संध्याकाळी हे आधाराशिवाय चढले. मला वाटलं, हसतील. ह्यांनी बाहेर वाकून पुढचं चाक पाहिलं.

"किती पाटे काढलेस?"

"दोन्ही बाजूंचे दोन-दोन."

चारच बोटं खाली आली होती गाडी. ह्यांनी हात स्टिअरिंगवर ठेवले. मग म्हणाले, "शेत कोणाला तरी वाट्यानं देऊन टाक. आणि मला उतरव."