टिचकी नीट चालते तेव्हा

घरून, ६ जानेवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

हे वरचं आईने शेजारी बसून लिहून घेतलंय. शॉर्टफॉर्म आहे तर मग त्याचा अर्थ इतका लांब का, असं विचारलं, तर म्हणाली, तुला इंग्लिश शाळेत घातलं तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आईने तुला तीन पत्रं पाठवली. तब्येत कशी, जेवतोस का, परत कधी येतोस. एकालाही उत्तर नाही. फोन तर तू बंदच करून टाकलास. म्हणून मी तब्येत विचारतच नाही, सरळ मुद्द्यावर येते. टिचकी आवाज करतेय.

जाताना तू तिची चावी माझ्या नावाच्या पाकिटात ठेवलीस, तेव्हा वाटलं, वा! बाविसाव्या वर्षी स्वतःची स्पोर्ट्स कार, दोनच सीटा, उघडं छप्पर, ऑफिसात काय शायनिंग मारीन. आठ महिन्यांत शायनिंग झाली ती फक्त बॉनेटवर, मी रोज पुसते म्हणून. गाडी बिल्डिंगखाली, खांब आणि पाण्याचा पंप यांच्या मध्ये कोंबलेली. एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने तीन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, तीस वर्षांची म्हातारी आहे, विकून टाका. आईने मान डोलावली. मी दोघांनाही तिथून हाकललं.

तुझे कान गेले, डोकं तर शाबूत आहे ना? मग सांग काय करू.

लोभ असावा, आणि या वेळी तो कागदावर दिसावा.

तुझी भाची,
पक्कड

---

दुकानाच्या माळ्यावरून, ११ जानेवारी

चि. पक्कड हीस,
अ. उ. आ.

हे नाव मीच ठेवलं, आता भोगतोय. एकदा धरलंस की सोडत नाहीस.

आवाज करतेय म्हणजे काय? आवाज तुझी आईही करते. आधी आवाजाची जात सांग. खडखड, खुळखुळ, टिकटिक, ठकठक, करकर, घरघर, फुसफुस, कुईकुई, प्रत्येकाचं घर वेगळं. गॅरेजात पंचवीस वर्षं मी गाडी फाटकातून आत येईपर्यंत आजार सांगत होतो. आता तुझा कागद हाच माझा कान, तेव्हा नीट लिही. इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? पुढून की वरून? पाय दिला की वाढतो की थांबतो?

इथे बरं आहे. खाली मालकांचं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान, वर माझी खोली. मालक पाटीवर माप लिहितात, मी शिवतो. सुई, दोरा, रेक्झिन. कानाचं काम नाही.

त्या मेकॅनिकला टिचकीजवळ फिरकू देऊ नकोस. आणि मला भेटायला यायचं काढू नकोस, ताईलाही सांग. पत्र पुरे.

राग नसावा, पान्यांना गंज नसावा.

मामा

---

घरून, १५ जानेवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि. (या वेळी न बघता लिहिलं!)

दोन सकाळी बॉनेट उघडून वही घेऊन बसले. वरच्या मजल्यावरचे आजोबा विचारून गेले की गाडीची ट्यूशन घेतेस का.

आवाज नंबर एक. सकाळी चालू केली की पहिली दहा सेकंद कुईईई, पिल्लाच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं. पुढून, पट्ट्याच्या बाजूने. मग गप्प.

आवाज नंबर दोन. वरच्या झाकणाखालून टिकटिक टिकटिक, शिवणयंत्र चालल्यासारखं. पाय दिला की यंत्र पळायला लागतं. थांबत मात्र नाही.

आई बाल्कनीतून ऐकत होती. म्हणाली, टिकटिक नाही, टकटक आहे. मी म्हटलं, तुला तिथून काय कळतं. तर म्हणाली, तुझ्या मामाचे सगळे रविवार याच आवाजात गेले, मला नाही कळणार तर कुणाला. आणि आत गेली. नंतर भांडी जरा जास्तच आपटली. भांड्यांच्या आवाजाचं घर कुठलं, तेही सांग.

येऊ नको लिहिलंस, त्यावर ती काही बोलली नाही. मी बोलते. का?

लोभ आहे तितका पुरत नाहीये, थोडा टॉप-अप करावा.

पक्कड

---

माळ्यावरून, १९ जानेवारी

चि. पक्कड हीस,
अ. उ. आ.

शाब्बास. आता कशी गाडी बोलायला लागली.

कुईईई म्हणजे पट्टा सैल. मधोमध अंगठ्याने दाब. बोटाच्या रुंदीपेक्षा जास्त दबला, तर अल्टरनेटरचा बोल्ट ढिला कर, अल्टरनेटर बाहेर ओढ आणि पुन्हा आवळ. जीव खाऊन ताणू नकोस, बेअरिंग रडेल.

टिकटिक म्हणजे टॅपेटची, व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या खटक्यांची, फट वाढली. ताई चूक, शिवणयंत्र बरोबर. माझ्या निळ्या डब्यात फट मोजायच्या पातळ पात्यांची जुडी आहे, मापं डब्याच्या झाकणावर लिहिलीत. इंजिन पूर्ण गार असतानाच काम कर. पातं फटीत सरकताना किंचित अडलं पाहिजे, जुन्या वहीचं चिकटलेलं पान सोडवताना अडतं तेवढंच. आवाज आवडत नाही म्हणून फट अगदीच मिटवलीस तर व्हॉल्व्ह जळतील. गप्प इंजिन सुखी असतंच असं नाही. थोडी टिकटिक राहू दे.

एक गंमत. तुझी पत्रं मी मोठ्याने वाचतो. ऐकू येत नाही, पण घशात कळतं. परवा कुईईई केलं, तर मालक जिना चढून धावत आले. त्यांना वाटलं, सुई घुसली.

का, ते विचारू नकोस.

केस बांधून काम कर. आशीर्वाद आहेतच, पण पट्ट्यापुढे ते चालत नाहीत.

मामा

---

घरून, ३० जानेवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

झालं! म्हणजे आधी बिघडलं, मग झालं. पट्टा एका दमात जमला. टॅपेटला दोन सुट्ट्या लागल्या. पहिल्यांदा झाकण एका बाजूने पूर्ण आवळलं आणि दुसऱ्या बाजूने ऑइलची धार. घाईत पुसायला जे हाताला लागलं ते आईची चांगली चादर निघाली. आई म्हणाली, मामा-भाची दोघांनी मिळून माझं एकही फडकं शिल्लक ठेवलं नाही. पण हे म्हणताना हसली. आठ महिन्यांनी तुझं नाव घेऊन हसली, म्हणून सांगते.

काल ऑफिसला घेऊन गेले. वॉचमनने गेट उघडून सलाम ठोकला. वर्षभर मला कार्ड दाखवायला लावणारा हाच.

मामा, गाडी ठीक आहे. आता तुझं लिही. दोन दिवसच ये ना. आई विचारत नाही, पण पोस्टमन दिसला की माझ्याआधी खाली पोचते.

लोभ असावा. या वेळी जोक सुचत नाहीये.

पक्कड

---

घरून, २४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

साडेतीन आठवडे झाले, उत्तर नाही. असो. नवीन प्रॉब्लेम आहे, सिरियस आहे.

खालून घूंऽऽ असा आवाज येतो. वेग वाढला की वाढतो. इंजिन बंद करून उतारावर नुसती सोडली तरी येतो. खांबाजवळ उभी असतानासुद्धा येतो. आणि क्लच दाबला की एकदम बंद. गिअरबॉक्स गेला असेल का? मला फार टेन्शन आलंय. प्लीज लगेच लिही.

लोभ आणि उत्तर, दोन्ही असावं.

पक्कड

---

माळ्यावरून, २८ फेब्रुवारी

चि. पक्कड हीस,
अ. उ. आ.

इंजिन बंद करून उतारावर सोडली तरी येतो, तो आवाज चाकांकडचा. उभ्या गाडीत येतो, तो इंजिनकडचा. दोन्हीकडे तोच येतो आणि क्लच दाबला की जातो, असा आवाज आजवर एकाही गाडीने काढलेला नाही. तो पत्र लिहिणारीच्या डोक्यातला आहे. बये, थाप मारायचीच तर एका जागची मार.

रागावलो नाही. बिघाड असला की मी लगेच लिहितो आणि तू बरी असलीस की गप्प बसतो, हे तू ओळखलंस. चूक माझी.

का, ते विचारत होतीस. सांगतो. शेवटी शेवटी एका गिऱ्हाइकाची गाडी मी ठणठणीत म्हणून सोडली. पुढच्या चाकाचं बेअरिंग ओरडत होतं, मला ऐकू आलं नाही. वाटेत चाक जाम झालं. कुणाला खरचटलंही नाही, हे नशीब, माझी हुशारी नाही. त्या दिवशी गॅरेजला कुलूप लावलं. मग घरी बसलो, तर तुम्ही दोघी ओरडून बोलायला लागलात. ताई ओरडता ओरडता रडायची. काहीच ऐकू आलं नाही तर चालतं गं, पण सगळ्यांच्या तोंडाकडे बघत कधी हसायचं ते ओळखत बसणं, त्याने जीव मेटाकुटीला येतो. इथे कुणी बोलत नाही, म्हणून मी इथे आहे.

आता एक मागतो. बिघाडाचे सगळे आवाज मला पाठ आहेत. पण टिचकी नीट चालायची तेव्हा कशी वाजायची, ते काही केल्या आठवत नाही. गाडी नीट झाली की मी ऐकणं सोडून द्यायचो, लक्ष पुढच्या गाडीकडे. पंचवीस वर्षं नुसती दुखणी ऐकली. हल्ली बसल्या बसल्या आठवायला जातो आणि हाती काहीच लागत नाही.

ते लिहिता आलं तर लिही. घाई नाही.

मामा

---

तुझ्या दुकानाखालून, ८ मार्च

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

पाकिटावर तिकीट नाही, बघितलंस? मालकांच्या हातून वर पाठवतेय. त्यांनी आधी टिचकीची फाटकी सीट बघितली, च्च केलं, आणि मग माझ्याकडे बघितलं.

आठवडाभर लिहायचा प्रयत्न केला. नऊ कागद फाडले. मराठीत दुखण्याला ढीगभर शब्द आहेत रे, बरं असण्याला एकही सापडेना. शेवटी आईला विचारलं, नीट चालायची तेव्हा कशी वाजायची. म्हणाली, तसा आवाज काही सांगता यायचा नाही, पण तो कोपऱ्यावर आला की मी तिसरं ताट मांडायला घ्यायचे. ताट ठेवून होईपर्यंत हा दारात. मग म्हणाली, हे काही त्याला लिहू नकोस. लिहिलं.

मला याहून बरं काही सुचलं नाही, म्हणून आवाजच घेऊन आले. दोनशे दहा किलोमीटर. चढणीवर इंजिनच्या तापमानाचा काटा तांबड्याकडे जायला लागला तेव्हा थांबले, बॉनेट उघडून अर्धा तास नुसती बसले, मग पुन्हा निघाले. कुई नाही, घूं नाही. टिकटिक थोडी आहे, राहू दिलीये.

येऊ नको म्हणाला होतास, सॉरी. पण ओरडायला नाही आले. तुला काही विचारणार नाही, तोंड वाचत बसायला लावणार नाही. छप्पर उघडंच आहे. येताना कळलं, साठच्या वर गेलं की वाऱ्यात मलासुद्धा काहीच ऐकू येत नाही. स्वतःच गात होते तर तेही ऐकू येईना, नुसतं घशात कळत होतं. या गाडीत आपण दोघं सारखेच बहिरे, मामा.

चावी तिलाच आहे, इंजिन चालू आहे आणि मी शेजारच्या सीटवर सरकून बसलेय. कुठवर जायचं ते तू ठरव, दुकानाला वळसा घालून परत आणलीस तरी चालेल. आईला मी काहीच सांगून आले नाही, फक्त एवढंच म्हणाले की संध्याकाळी कोपऱ्याकडे कान ठेव.

लोभाचं मागाहून बघू. आधी खाली ये, उभी ठेवली की ही बया तापते.

पक्कड